नाकासमोर कनौज

कनौजला पाय ठेवल्या ठेवल्या नाकात पहिल्यांदा काय शिरत असेल, सांगा बरं? गुलाब? मोगरा? चंदन? सॉरी बॉस! सराय मीराला बसमधून उतरलात की पहिला येतो डिझेलचा धूर. मग उन्हात तापलेली धूळ. आणि तिच्या मागोमाग कोपऱ्यावरच्या कढईतलं, सकाळपासून समोसे तळून काळं पडलेलं तेल. 'देशाची अत्तरनगरी', 'पूर्वेचं ग्रास' वगैरे वाचून इथे येणाऱ्यांचा पहिल्या पाच मिनिटांतच पोपट होतो.

माझा झाला नाही. 2024 चा मे महिना, पाठीवर सॅक, अंगातून घामाच्या धारा, आणि मी स्टॅण्डवर डोळे मिटून हजेरी घेत होते. डिझेल, हजर. धूळ, हजर. तेल, हजर. शेजारचा ई-रिक्षावाला 'बाईला ऊन लागलं' अशा नजरेने बघत होता. बघू दे. तीन वर्षांपूर्वी यातला एकही वास मला आला नसता.

त्यासाठी थोडं रिवाइण्ड करावं लागेल.

नाक गेलं, जोक राहिला

एप्रिल 2021. दुसऱ्या लाटेत आमच्या घरी तिघांनाही कोविड झाला. आई-बाबा सुदैवाने लवकर सावरले. माझा ताप तीन दिवसांत गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. आता डोंबिवलीकराला नाक नसणं हे वरदानच, हा जोक सगळ्यात आधी मीच मारला. एमआयडीसीच्या बाजूने वारा सुटला की अख्खी बिल्डिंग खिडक्या लावायची आणि मी एकटी बाल्कनीत कॉफी पीत बसायचे. कॉफी कसली, गरम कडू पाणी! कारण आपण 'चव' म्हणून जे एन्जॉय करतो, त्यातला मोठा वाटा जिभेचा नसतोच. जीभ बिचारी गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच सांगते. बाकी सगळं, म्हणजे हापूस आणि पायरीतला फरक, हे घशाच्या मागून नाकात चढणाऱ्या वासाचं काम.

जोक संपला एका सकाळी. गॅसवर दूध ठेवलं, ते उतू गेलं, बर्नर विझला, आणि मी ओट्यापासून चार फुटांवर लॅपटॉप घेऊन बसलेली. आंघोळ करून बाहेर आलेली आई किंचाळली तेव्हा कळलं की घरभर गॅस पसरलाय. या गॅसला स्वतःचा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम इथाइल मरकॅप्टन घालतात, हवेत अगदी चिमूटभर असलं तरी कोणालाही कळेल असं. कोणालाही, मला सोडून. त्या दिवसापासून आईने मला स्वयंपाकघरात एकटीला सोडणं बंद केलं. वयाच्या चोविसाव्या वर्षी!

ऑगस्टमध्ये वास परत आला. पण भलताच. कॉफीला जळक्या रबराचा, लसणीच्या फोडणीला कुजल्याचा आणि कांदा परतायला घेतला की... जाऊ दे, तुम्ही जेवत असाल. आई रोज नाक मुठीत धरून, म्हणजे माझं नाक मुठीत धरून, कांदा-लसूण नसलेला स्वयंपाक करत होती. आमच्याकडे तेव्हा रोजच चातुर्मास. याला पॅरॉस्मिया म्हणतात आणि तो माझ्या एकटीच्या डोक्यातला प्रकार नव्हता, हे नंतर कळलं. इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा पेशण्ट्सना कॉफीतले रेणू एकेक करून हुंगायला दिले. त्यांचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. कॉफीला कॉफीपण देणारा एक गंधकयुक्त रेणूच बहुतेकांना घाण वाटत होता. कांदा, लसूण, भाजलेलं मांस यांच्यातही असेच गंधकवाले रेणू असतात. म्हणजे माझ्या नाकाची वायरिंग बिघडली होती, मी नाटकं करत नव्हते. (हे वाक्य आईसाठी.)

चारशे अक्षरांची बाराखडी

आमच्या ईएनटी डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला एक चित्र काढून दिलं होतं. ते मी अजून जपून ठेवलंय. नाकाच्या अगदी छताशी, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध येईल एवढ्या उंचीवर, पोस्टाच्या तिकिटाएवढा एक पट्टा. त्यात वास ओळखणाऱ्या लाखो चेतापेशी, टोकाला केसांसारखे बारीक तंतू, आणि ते शेंबडात बुडालेले. हो, शेंबूडच. गुलाब असो वा गटार, त्याचे रेणू आधी शेंबडात विरघळतात, मगच पुढचं बोलणं.

त्या तंतूंवर असतात रिसेप्टर्स. 1991 मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या अमेरिकन जोडीने ते बनवणाऱ्या जनुकांचं अख्खं खानदान शोधून काढलं आणि 2004 चं नोबेल खिशात टाकलं. उंदराकडे असे हजारेक प्रकार, माणसाकडे चालू स्थितीतले साधारण चारशे. प्रत्येक चेतापेशी आपला एकच रिसेप्टर घेऊन बसलेली.

मग चारशेच कुलपं असताना आपण हजारो वास वेगळे कसे ओळखतो? मला वाटायचं, गुलाबाचं एक कुलूप, मोगऱ्याचं एक, बॉसच्या डिओचं एक. तसं नसतं. एक रेणू अनेक रिसेप्टर्सना कमी-जास्त चाळवतो आणि एक रिसेप्टर अनेक रेणूंना दाद देतो. कुठले चाळवले, किती चाळवले, याची जी नक्षी उमटते तो वास. थोडक्यात चारशे अक्षरांची बाराखडी आणि त्यातून बनणारी जोडाक्षरं. त्यात गुलाब म्हणजे काही एक रेणू नव्हे. गुलाबाच्या तेलात शेकडो घटक असतात आणि त्यातले काही जेमतेम असूनही सगळ्यात जास्त भाव खाऊन जातात. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या मंडळींनी हिशेब मांडला होता की माणूस एक लाख कोटी वास वेगळे ओळखू शकतो. पुढच्याच वर्षी दुसऱ्यांनी त्या गणिताची पार पिसं काढली. आकडा काहीही असो, नाक हे आपल्याला वाटतं तेवढं बावळट नाही एवढं नक्की.

ही नक्षी नाकाच्या छताच्या चाळणीसारख्या हाडातून वर जाते, मेंदूच्या तळाशी असलेल्या गंधकंदात. एकाच प्रकारचा रिसेप्टर असलेल्या पेशी नाकात कुठेही विखुरलेल्या असोत, त्यांच्या तारा तिथे ठरलेल्या एक-दोन ठिपक्यांवर येऊन मिळतात. तिथून पुढे वास ओळखणाऱ्या भागाकडे, आणि भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांकडे जवळजवळ थेट. डोळे आणि कान यांना आधी थॅलॅमस नावाच्या रिसेप्शनिस्टकडे नाव सांगावं लागतं. नाकाला व्हीआयपी पास. म्हणूनच गावच्या घराचा वास आला की आधी पोटात काहीतरी हलतं आणि 'हे कशाचं बरं?' हा प्रश्न नंतर पडतो.

कोविडमध्ये झालं काय, तर विषाणूने चेतापेशींवर नाही, त्यांना धरून ठेवणाऱ्या, पोसणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला केला. आधारच गेल्यावर चेतापेशी काय करणार! चांगली बातमी ही की नाकातल्या या चेतापेशी जन्मभर नव्याने उगवत राहतात. शरीरातली ही दुर्मीळ सोय. वाईट बातमी ही की नव्या पेशीची तार पुन्हा वर जाऊन बरोबर त्याच ठिपक्याला लागायला हवी. ती चुकली की कॉफीचं रबर.

"मग औषध?" मी विचारलं.

"औषध तुमच्या आईच्या मिसळणाच्या डब्यात आहे," डॉक्टर म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करतायत. पण जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये हेच करून बघितलं होतं: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, रोज दोनदा, बारा आठवडे. नुसतं हुंगायचं नाही, लवंग हुंगताना लवंग आठवायची. सगळ्यांनाच फायदा होतो असं नाही, पण करून बघण्यात तोटा नाही. म्हणजे नाकाची जिम! मी बारा आठवडे म्हणता म्हणता वर्षभर केली. सकाळी सहा वाजता गुलाबपाण्याची बाटली नाकाशी धरून बसलेली मुलगी बघून बाबा म्हणायचे, "लग्नघर झालंय आपलं."

2022 संपता संपता बरंच परत आलं. एक सोडून. पहिल्या पावसाचा वास. 2021, 2022, 2023, तीन जून कोरडे गेले. पाऊस पडायचा, व्हॉट्सॲपवर मृद्गंधाच्या कविता पडायच्या, आई बाल्कनीतून हाक मारायची, "अगं ये, वास बघ!" आणि मी जाऊन "हो गं, मस्त" म्हणायचे. तिसऱ्या वर्षी तर मी खोटं इतकं सराईत बोलले की मलाच माझी भीती वाटली.

आणि मग कुठेतरी वाचलं की कनौजला मातीचं अत्तर काढतात. बाटलीत भरलेला पहिला पाऊस! तिकीट काढलं.

डेग, भपका आणि चाचा

कल्याणहून पुष्पक एक्स्प्रेसने कानपूर आणि तिथून बसने कनौज. सातव्या शतकात ही हर्षवर्धनाची राजधानी होती, ह्युएन त्संग इथे येऊन गेला, हे सगळं शाळेत पाठ केलेलं. आता त्या साम्राज्याचं काही डोळ्यांना दिसत नाही. अरुंद गल्ल्या, उघडी गटारं, लोंबणाऱ्या वायरी. मात्र बडा बाजारात वळलात की एका दुकानातून केवडा, दुसऱ्यातून हिना, आणि दोन्हींच्या मधून म्हैस. लै भारी कॉम्बिनेशन.

एका मित्राच्या ओळखीने मी एका जुन्या अत्तरवाल्यांच्या कारखान्यात पोहोचले. कारखाना म्हणजे डोळ्यांसमोर स्टीलच्या टाक्या आणि पांढरे कोट आणू नका. पत्र्याची शेड, मातीच्या भट्ट्या, त्यांवर ओळीने मांडलेले तांब्याचे भलेमोठे हंडे. हे डेग. डेगच्या तोंडातून बांबूची, वरून सुतळी गुंडाळलेली नळी निघते, तिला चोंगा म्हणतात. ती जाते पाण्याच्या हौदात बुडवलेल्या लांब मानेच्या तांब्याच्या भांड्यात. तो भपका. भपक्यात आधीच चंदनाचं तेल भरलेलं असतं. डेगमध्ये फुलं आणि पाणी, झाकणाच्या फटी चिकणमातीने लिंपलेल्या, खाली लाकडांचा जाळ. वाफ फुलांचा वास उचलते, बांबूतून धावते, भपक्यात गार होते आणि चंदन तो वास धरून ठेवतं. ना थर्मामीटर, ना मीटर. कारागीर अधूनमधून पाण्यात हात घालून भपका चाचपतो. तापला की ओल्या फडक्याने डेग थंड करतो आणि भपका बदलतो. बस्स.

मालक सत्तरीच्या आसपासचे. मी त्यांना आधी 'सर' म्हटलं. त्यांनी असं काही तोंड केलं की लगेच 'चाचा'वर आले.

"पहले क्या सूँघोगी, बिटिया?"

मी आगाऊपणे थेट 'मिट्टी' म्हणाले. ते हसले. पाहुण्याला आधी पाणी देतात तसं त्यांनी आधी गुलाब दिला. काडीला गुंडाळलेला कापूस कुपीत बुडवून हाताच्या पाठीवर ओढायचा. गुलाब, हजर. मग बेला, म्हणजे आपला मोगरा. समोर मोगऱ्याच्या कळ्यांचा ढीगच पडला होता. मोगऱ्याची एक गंमत सांगते. त्याच्या सुवासात इण्डोल नावाचा रेणू असतो आणि तोच रेणू विष्ठेतही असतो. तोळामासा असला की फूल, जास्त झाला की फिनाइल मागवा! रेणू तोच, पण प्रमाण बदललं की रिसेप्टर्सची नक्षी बदलते आणि मेंदू निकाल फिरवतो.

मग हिना. आणि इथे मी जरा गडबडले. कारण हिना म्हणजे आमच्याकडे दिवाळीची पहाट. अभ्यंगस्नान झालं की बाबा कानाच्या पाळीत अत्तराचा फाया खोचायचे आणि एक माझ्या मनगटावर. नाक गेलं त्या वर्षीच्या दिवाळीत त्यांनी फाया लावला नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "संपलं गं अत्तर." कपाटात अर्धी बाटली होती. मी बघितली होती.

चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि न बोलता काडी बाजूला ठेवली. "अब अपनी आस्तीन सूँघो." स्वतःची बाही? हो. लागोपाठ वास घेतले की नाक सरावतं. तोच वास सतत येत राहिला तर मेंदू त्याला 'कळलं, पुढे बोल' म्हणून म्यूट करतो. त्यामुळेच तिथल्या कारागिरांना मी "इतक्या सुगंधात दिवसभर कसं वाटतं?" असा टिपिकल पत्रकारी प्रश्न विचारल्यावर ते एकमेकांकडे बघून हसत होते. मॉलमधल्या परफ्यूम काउण्टरवर मधल्या वेळी हुंगायला कॉफीच्या बिया ठेवतात ना? 2011 च्या एका प्रयोगात त्यांचा साध्या हवेपेक्षा काहीच जास्त फायदा दिसला नव्हता. चाचांची बाही झिंदाबाद.

आणि मग मिट्टी. छोटीशी कुपी, फिक्या सोनेरी रंगाचं तेल. मी डोळे मिटले. हुंगलं. चंदन. परत हुंगलं. चंदन. तिसऱ्यांदा जरा जास्तच जोरात हुंगलं आणि ठसका लागला.

"आया?"

तीन वर्षांची सवय. तोंडावर "हाँ, बहुत अच्छा" आलंच होतं. पण चौदाशे किलोमीटर येऊन खोटं काय बोलायचं! म्हटलं, "नहीं चाचा. सिर्फ चंदन." आणि मग जे सुरू झालं ते कोविड, कॉफी, आई, बाल्कनी, सगळंच. शेडमध्ये भट्टीशेजारी, घाम पुसत.

चाचांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सुबह आना. साढ़े पाँच बजे. डेग खुलेगा."

दगडाचं रक्त

त्या रात्री लॉजवर पंखा गरम हवा ढवळत होता आणि मी मोबाइलवर माती वाचत होते. थोडा गोंधळ इथेच निस्तरते, कारण व्हॉट्सॲपवर दोन गोष्टींची खिचडी असते. 1964 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये या वासावर निबंध लिहिला आणि त्याला नाव दिलं पेट्रिकोर. ग्रीक भाषेत 'पेट्रा' म्हणजे दगड आणि 'इकोर' म्हणजे देवांच्या नसांतून वाहणारं रक्त. कोरड्या दिवसांत माती आणि दगड हवेतले, झाडापाल्याचे तेलकट घटक शोषून ठेवतात आणि दमट झाले की सोडतात. ते तेल या दोघांनी मिळवलं कसं? तर वाळलेल्या दगडांतून वाफ काढून! म्हणजे चाचांचाच डेग-भपका, फक्त प्रयोगशाळेतला. भारतात हा वास अत्तर म्हणून आधीपासूनच काढतात, याची त्यांना कल्पना होती.

दुसरी गोष्ट जिओस्मिन. मातीतल्या जीवाणूंनी बनवलेला हा रेणू, त्याला नाव मिळालं 1965 मध्ये. बीट खाताना जो 'माती' लागते तो हाच. पाण्यात लाख कोटी भागांत चार-पाच भाग असला तरी माणसाच्या नाकाला तो कळतो. बाकी कशाच्याही बाबतीत आपलं नाक एवढं चोखंदळ क्वचितच असेल. पहिल्या पावसात हे दोन्ही मिसळतात. टपोरा थेंब सच्छिद्र मातीवर आपटला की खाली हवेचे बुडबुडे अडकतात आणि सोडा फसफसावा तसे वर फुटून बारीक तुषार उडवतात. एमआयटीमधल्या संशोधकांनी 2015 मध्ये हे हायस्पीड कॅमेऱ्यात पकडलं.

म्हणजे कनौजच्या भट्टीत मला मिळणार होता तो अर्धा पाऊस. तेवढाही चालला असता.

साडेपाचला

सकाळी शेडमध्ये ऊन नव्हतं. अंगणात एका बाजूला मातीच्या चपट्या तुकड्यांचा ढीग. तळ्यातली माती मळून, थापून, भट्टीत भाजून हे तुकडे करतात आणि फुलांऐवजी तेच डेगमध्ये भरतात. चाचांनी त्यातला एक उचलून माझ्या हातात दिला, आणि तांब्यातून त्यावर घोटभर पाणी ओतलं. तुकड्याने चर्रर्र आवाज करून पाणी पिऊन टाकलं.

"जल्दी मत करो. धीरे से."

मी हळू श्वास घेतला. काही नाही. दुसरा तुकडा. काही नाही. तेवढ्यात मागे कारागिरांनी आदल्या दिवशीच्या डेगचं लिंपण फोडलं, झाकण सरकवलं, आणि शिळ्या, कोमट वाफेचा एक लोट अंगावर आला.

पोटात काहीतरी हललं. आधी पोटात, हे मी शपथेवर सांगते. मग एक थंडगार, किंचित आंबूस, ओलसर असं काहीतरी. मला नाव सापडेना. एखाद्या हिरोचा चेहरा आठवतो आणि नाव जिभेवर येत नाही, तसं. मी तिथेच उकिडवी बसून राहिले.

"क्या याद आया?" चाचांनी विचारलं. कसला वास आला, असं नाही विचारलं. काय आठवलं, असं विचारलं.

आठवला माठ. आजोळी सावंतवाडीला, मे महिन्याच्या सुट्टीत आजी नवा माठ आणायची, पहिल्यांदा पाणी भरायची आणि ते पाणी प्यायचं नाही म्हणून दम द्यायची. आम्ही भावंडं माठात डोकं खुपसून 'हूऽऽ' करायचो. तो वास. पाऊस नव्हे. माठ.

"मटका," मी म्हटलं.

"तो और क्या!" चाचा म्हणाले, आणि कारागिरांना भपक्यातलं पाणी काढायला सांगायला निघून गेले. एवढा मोठा चमत्कार घडला आणि माणूस कामाला लागला. मला जरा रागच आला.

खरंच आला होता का तो वास, की मला हवा होता म्हणून मेंदूने बनवून दिला? ट्रेनमध्ये परत येताना वरच्या बर्थवर मी हाच विचार करत होते. मेंदू नाकाकडून अर्धी नक्षी घेतो आणि उरलेली आठवणीतून भरतो, आणि आपल्याला शिवण दिसत नाही. मी पाव तोळा मिट्टी विकत घेतली होती. अस्सल चंदनाच्या तेलावरची. चंदन इतकं महाग झालंय की हल्ली बरंच अत्तर पॅराफिनच्या तेलावर काढतात. चाचा हे सांगताना भपक्याकडे न बघता जमिनीकडे बघत होते.

घरी आल्यावर कुपी उघडली. बाबांनी हुंगलं आणि म्हणाले, "चंदन आहे." आईने हुंगलं, जरा थांबली, परत हुंगलं. "सडा घातल्यासारखं वाटतं गं. पहाटे अंगणात." मला माठ, तिला सडा, बाबांना देवघर. कोण बरोबर? दोन माणसांच्या नाकातले साधारण तीस टक्के रिसेप्टर्स वेगवेगळे वागतात, असं 2014 च्या एका अभ्यासात आढळलं होतं. म्हणजे आम्ही तिघं एका कुपीवर भांडलो ते शास्त्राला धरूनच होतं. आणि आपल्या भाषेकडे खमंग, कुबट, करपट, खवट, आंबूस असे वासाचे कितीतरी शब्द आहेत. खमंगला एका शब्दात इंग्रजीत काय म्हणाल, सांगा! पण तरी शेवटी सांगताना आपण 'अमक्यासारखं' असंच सांगतो. माठासारखं. सड्यासारखं.

त्या जूनमध्ये एका संध्याकाळी ढग भरून आले. आईने हाक मारली नाही. ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली आणि मी मागून जाऊन उभी राहिले. खाली सोसायटीच्या बागेत एकच मातीचा वाफा आहे, बाकी पेव्हर ब्लॉक. पहिले थेंब पडले. ओला डांबर, हजर. एमआयडीसी, आहेच. आणि मग खालून, त्या एवढ्याशा वाफ्यातून, तो.

दहा सेकंद. फार तर पंधरा. लगेच नाक सरावलं आणि गेला. मी घाईघाईने स्वतःची बाही हुंगली, पण तोवर धो-धो पाऊस सुरू झाला होता.

"आला," मी म्हटलं.

आईने माझ्याकडे वळून बघितलं. तीन वर्षं मी "हो गं, मस्त" म्हणायचे. तिला तेव्हाही कळत होतं, हे मला त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी भजी तळायला घेतली. कांद्याची. वास अगदी कांदाभजीसारखा. आई म्हणाली, "चिरू का दोन कांदे?"

कसं जाल?

मुंबई किंवा कल्याणहून रेल्वेने कानपूर सेण्ट्रल, तिथून कनौज साधारण 80 किलोमीटर, बस किंवा टॅक्सीने. लखनौहून गेलात तर आग्रा-लखनौ एक्स्प्रेस-वे आहे. गुलाबाच्या भट्ट्या बघायच्या तर फेब्रुवारी-मार्च, बेला आणि मिट्टीसाठी उन्हाळा. ऊन भयंकर, टोपी न्या. कारखान्यात विचारून शिरा, अंगावर डिओ फवारून जाऊ नका, आणि अत्तर घेताना ते चंदनाच्या तेलावरचं आहे की पॅराफिनवरचं हे तोंडाने विचारा. जुने लोक खरं सांगतात.